छडी गेली, तिच्या जागी काय आलं?

शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत चहा घेताना एक वाक्य हमखास कानावर येतं : "कायद्याने आमचे हात बांधलेत. आता वर्ग सांभाळायचा कसा, ते तुम्हीच सांगा." हे म्हणणारे सर सहसा वाईट शिक्षक नसतात. नववी 'क'वर तास घेऊन, घसा बसवून ते नुकतेच आलेले असतात. अर्धा तास 'गप्प बसा' म्हणण्यात गेला आणि धड्याचं पान उलटलंच नाही, हे त्यांना कळत असतं आणि बोचतही असतं.

त्यांच्या या प्रश्नाला समाजाकडून दोनच ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, "आमच्या वेळी सरांनी फोडून काढलं, म्हणून आम्ही घडलो." दुसरं, "मुलांवर हात उगारणं हा गुन्हा आहे, विषय संपला." पहिलं उत्तर चूक आहे. दुसरं बरोबर आहे, पण त्याने विषय संपत नाही, तिथून तो सुरू होतो. छडी काढून घेतली हे योग्यच झालं. मात्र तिच्या धाकाने जे काम कसंबसं निभावलं जायचं, म्हणजे साठ मुलांना पस्तीस मिनिटं एका गोष्टीत गुंतवून ठेवण्याचं, ते काम तसंच शिल्लक राहिलं. ते छडीशिवाय कसं करायचं हे शिक्षकाला कोणी शिकवलं नाही, आणि ते करता यावं अशी परिस्थितीही कोणी उभी केली नाही. माझी तक्रार ही आहे, आणि ती शिक्षकांपेक्षा शिक्षण खात्याकडे आणि अध्यापक महाविद्यालयांकडे जास्त आहे.

आधी कायद्याचं पाहू, कारण त्याबद्दल शाळांमध्ये अर्धवट माहितीच जास्त फिरते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येणार नाही. त्याआधी नऊ-साडेनऊ वर्षं, डिसेंबर २००० मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शालेय नियमांमधली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली होती. शिक्षण हक्क कायद्यातलं 'मूल' सहा ते चौदा वर्षांचं आहे, त्यामुळे "नववी-दहावीला हे लागू नाही" असंही कुणीतरी शोधून काढतं. पण अठरा वर्षांखालचं मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणा केला, तर २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तो गुन्हाच ठरतो. तेव्हा ती पळवाट उपयोगाची नाही.

न्यायालयांचा सूर मात्र सगळीकडे सारखा नाही. गोव्यातलं एक प्रकरण या बाबतीत विचार करण्यासारखं आहे. २०१४ मध्ये तिथल्या एका प्राथमिक शाळेत पाच आणि आठ वर्षांच्या दोन बहिणींना शिक्षिकेने पट्टीने मारल्याची तक्रार झाली. धाकटीने आपलं पाणी संपल्यावर दुसऱ्या मुलीच्या बाटलीतलं पाणी प्यायलं, हे त्यामागचं कारण. बाल न्यायालयाने शिक्षिकेला दोषी ठरवलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. मुलांना शिस्त लावण्यासाठी शिक्षकाला थोडं कठोर व्हावं लागतं, असा त्या निकालाचा रोख होता. निकालाच्या कायदेशीर बाजूवर वकील बोलतील. मला त्यातली पाण्याची बाटली दिसते. पाच वर्षांची मुलगी, तहान लागलेली, बाटली रिकामी. यात शिस्तीचा प्रश्न मुळात होता कुठे? प्रश्न होता पाण्याचा. शाळेतल्या बेशिस्तीच्या कित्येक घटना अशाच उलगडत जातात. वरची साल काढली की आत वेगळीच अडचण निघते.

उशिरा येण्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई परिसरातल्या एका शाळेत उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला दप्तर पाठीवर घेऊन शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला आणि काही दिवसांत ती मुलगी गेली. दोष कोणाचा आणि किती, हे तपास आणि न्यायालय ठरवील. पण उशीर हा गुन्हा आणि उठाबशा ही त्याची शिक्षा, हे समीकरण त्या एका शाळेचं नव्हतं. फाटकापाशी उशिरा आलेल्यांची वेगळी रांग उभी करणं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलाच्या हातात गाडीची वेळ नसते. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून मग शाळेत येणारी मुलगी रोज दहा मिनिटं उशिरा येणारच. रांगेतल्या मुलांना 'का उशीर झाला' हे ओरडून विचारलं जातं, पण उत्तर ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

आता "आम्ही मार खाऊन घडलो" या मंडळींकडे वळू. ही मंडळी मोठ्या प्रेमाने आपल्या मास्तरांची आठवण काढतात आणि त्या आठवणीत खोटं काही नसतं. पण ही आठवण जे दहावी पार करून पुढे गेले त्यांची आहे. जो चौथीत गुणाकार न आल्याबद्दल रोज हातावर वळ घेऊन घरी जायचा आणि एक दिवस दप्तर ठेवून गुरांमागे गेला, तो या गप्पांमध्ये नसतो. स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थी म्हणून त्याला कोणी बोलावत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी शाळेत शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्र त्या तेरा राज्यांत होता. मार खाऊन माणसं घडत असती, तर एवढ्या पिकावर देशाची कोठारं भरून वाहायला हवी होती.

आणखी एक गोष्ट, जी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. छडीला मुलाचे आईबाप कोण आहेत हे नेहमी कळायचं. डॉक्टरांच्या मुलाला, सरपंचांच्या पुतण्याला, संस्थेच्या संचालकांच्या नातीला लागणारी छडी वेगळी, आणि वीटभट्टीवरून येणाऱ्या मुलाला लागणारी वेगळी. ज्याचा बाप शाळेत जाब विचारायला येऊ शकत नाही, त्याच्या पाठीवर शिस्तीचे धडे गिरवले जायचे. गरीब पालक स्वतःच येऊन सांगतात, "सर, मारा, पण शिकवा." त्याला आपण संमती समजतो. ती संमती नव्हे. दुसरा काही मार्ग या शाळेकडे असेल असं त्यांना वाटतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

छडी कपाटात गेल्यावर तिची जागा ज्या गोष्टींनी घेतली त्या पाहिल्या तर फार समाधान मानावं असं काही नाही. वर्गाबाहेर उभं करणं आलं. टोमणे आले : "तुझ्या घराण्यात कोणी शिकलंय का?" हजेरीच्या वेळी गुण मोठ्याने वाचणं आलं. 'मी वर्गात बोलणार नाही' हे शंभर वेळा लिहून आण, हे तर फारच लोकप्रिय. ज्या मुलाला लिहिण्याचा आधीच कंटाळा आहे त्याला लिहिणं ही शिक्षा आहे हे आपण शंभर वेळा पटवून देतो आणि मग निबंध कोरा सोडतो म्हणून रागावतो. मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणाऱ्या खेळाच्या सरांनी व्यायामाचं तेच केलं आहे. कलम १७ मध्ये मानसिक छळ शारीरिक शिक्षेच्या शेजारीच लिहिला आहे, पण टोमण्याचा वळ उठत नाही, त्यामुळे तक्रार होत नाही.

त्या यादीत एक खास मराठी शाळेची गोष्ट घातली पाहिजे : मॉनिटर. सर ऑफिसात गेले की फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' असा मथळा पडतो. मॉनिटरच्या मित्राचं नाव लिहून पुसलं जातं, भांडण झालेल्याचं नाव न बोलताही येतं, आणि एखाद्याच्या नावापुढे फुल्या वाढत जातात. सर परत येतात, यादी वाचतात आणि शिक्षा देतात. चौकशी नाही, बाजू मांडणं नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण पोलीस आणि पंच अशी दोन्ही कामं देतो, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला न्यायव्यवस्था शिकवतो.

मग वर्ग सांभाळायचा कसा? या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्यांमध्ये जेकब कुनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव मोठं आहे. एकदा त्यांनी आपल्या तासाला वर्तमानपत्र वाचत बसलेल्या विद्यार्थ्याला झापलं आणि पाहिलं, की ज्यांना काहीच बोललं नव्हतं ती बाकीची मुलंही एकदम सावरून बसली. एकाला रागावण्याचा परिणाम बाकीच्यांवर काय होतो, हा प्रश्न घेऊन त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला, वर्गांचं चित्रीकरण करून ते पुन्हा पुन्हा पाहिलं. १९७० मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष त्यांच्या मूळ प्रश्नालाच बाजूला सारणारा होता. ज्यांचे वर्ग नीट चालतात ते शिक्षक आणि ज्यांचे कोलमडतात ते शिक्षक, यांच्या रागावण्याच्या पद्धतीत म्हणण्यासारखा फरक त्यांना सापडला नाही. फरक होता तो गडबड होण्याच्या आधी शिक्षक काय करतो यात.

आपल्याकडच्या ज्या बाईंचा वर्ग कधीच गोंधळ घालत नाही, त्यांना नीट पाहिलं तर हेच दिसतं. त्या फळ्यावर लिहितात तेव्हाही पाठमोऱ्या उभ्या राहत नाहीत, तिरक्या उभ्या राहतात. शेवटच्या बाकावर कुजबुज सुरू व्हायच्या बेतात असते तेव्हा त्या बोलत बोलतच तिकडे चालत जातात, त्या बाकापाशी उभ्या राहून पुढचं वाक्य पूर्ण करतात, आणि कुणाचं नावही घेत नाहीत. एका मुलाची वही तपासताना दुसऱ्याला 'पुढचं गणित सुरू कर' सांगतात. प्रश्न आधी विचारतात, क्षणभर थांबतात आणि मग नाव घेतात. नाव आधी घेतलं की बाकीची एकोणसाठ मुलं सुटीवर जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

वर्ग मोडतो तो नेमका कुठे, हेही त्यांना माहीत असतं. धडा रंगात असताना वर्ग सहसा मोडत नाही. तो मोडतो सांध्यांवर. "वह्या काढा" म्हटल्यापासून प्रत्यक्ष पहिला शब्द लिहिला जाईपर्यंत, गृहपाठाच्या वह्या वाटताना, ज्यांचं लिहून झालं ते रिकामे बसलेले असताना, एक सर बाहेर पडून दुसऱ्या बाई आत येईपर्यंतच्या चार मिनिटांत. या बाई वर्गात शिरायच्या आधी काय करायचं ते ठरवून येतात, लवकर संपवणाऱ्यांसाठी एक जादा उदाहरण फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवतात, वह्या वाटायचं काम रांगेतल्या पहिल्या मुलाकडे देतात आणि वर्षभर त्यात बदल करत नाहीत. आपण याला 'बाईंचा वचक आहे' म्हणतो किंवा 'त्यांना उपजतच येतं' म्हणतो. असं म्हणून आपण मोकळे होतो, कारण उपजत म्हटलं की शिकवायची जबाबदारी राहत नाही.

खरं तर हे सगळं शिकवता येतं. मग बी.एड.मध्ये शिकवत का नाहीत? अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात पाठ टाचण आहे, सूक्ष्म अध्यापन आहे, उद्दिष्टांची वर्गवारी आहे, वर्ग व्यवस्थापनावर परीक्षेत एक टीपही विचारतात. पण सराव पाठाला काय घडतं ते आठवून पाहा. मार्गदर्शक प्राध्यापक निरीक्षणाचा कागद घेऊन मागच्या बाकावर बसलेले, वर्गशिक्षक दाराशी उभे, मुलांना आधीच तंबी दिलेली. उसन्या शांततेत छात्राध्यापक रंगीत तक्ते लावून पाठ उरकतो आणि चांगले गुण मिळवतो. त्याला गोंधळलेला वर्ग पहिल्यांदा भेटतो तो नोकरीच्या पहिल्या दिवशी. तेव्हा मागच्या बाकावर कोणी प्राध्यापक नसतो, आणि त्याला आठवतं ते स्वतः शाळेत असताना आपल्या सरांनी काय केलं होतं ते. छडी अशी पिढ्यानपिढ्या हस्तांतरित होते. सेवेतली प्रशिक्षणं मूल्यमापनाची झाली, तंत्रज्ञानाची झाली, नव्या पाठ्यपुस्तकांची झाली. शेजारच्या वर्गातल्या बाईंचा तास नुसता बसून पाहायला एखाद्या नव्या शिक्षकाला आठवड्यातून एक तास मोकळा ठेवावा, एवढी साधी सोयही वेळापत्रकात नसते.

शिक्षकांची बाजू यापुढे सुरू होते आणि ती मी पूर्ण मान्य करतो. कलेला परिस्थितीची मर्यादा असते. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. नववी-दहावी त्या कायद्याच्या बाहेर, आणि नेमक्या त्याच वयात मुलं सांभाळायला सगळ्यांत अवघड. शहराजवळच्या अनुदानित शाळेत नववीच्या तुकडीत साठ-पासष्ट मुलं असणं नवलाचं नाही. शेवटच्या बाकापर्यंत चालत जा म्हणणं सोपं आहे, पण बाकांमधून चालायला वाट तर हवी.

दुसऱ्या टोकाला डोंगरातली द्विशिक्षकी शाळा. दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता. एक गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले की उरलेल्या गुरुजींच्या वाट्याला सगळी शाळा. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. पण मतदार यादीचं काम निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर चालतं, आणि पोर्टलवर माहिती भरायचं काम तर त्या कलमात कुठेच नाही तरी रोजचं आहे. बेशिस्तीचा सगळ्यांत मोठा कारखाना म्हणजे शिक्षक नसलेला वर्ग. ऑफ तासाला मारामारी झाली म्हणून दोन मुलांना शिक्षा होते. तिथे शिक्षक का नव्हते, हा प्रश्न शिस्तीच्या नोंदवहीत कधी येत नाही.

आणि मग येतो तो मुलगा ज्याला नववीत बसून काहीच कळत नाही. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी साधारण ७३ टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे चारातलं एक मूल आठ वर्षं शाळेत बसून नीट वाचायला न शिकता पुढे आलेलं. हे मूल रोज सहा तास ज्या भाषेचा अर्थ लागत नाही ती ऐकत बसतं. आपल्यातल्या कुणालाही न कळणाऱ्या विषयावरच्या व्याख्यानाला रोज सहा तास बसवलं, तर तिसऱ्या दिवशी आपणही शेजाऱ्याला चिमटा काढू. त्याला 'ढ' म्हणवून घेण्यापेक्षा 'वांड' म्हणवून घेणं परवडतं, कारण त्यात निदान थोडी इज्जत आहे. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणि नापास करण्याची सोय आली. काही शिक्षकांना हायसं वाटलं, एक धाक परत मिळाला म्हणून. पण या मुलाला त्याच इयत्तेत आणखी एक वर्ष बसवून वाचायला कोण शिकवणार आहे?

याच भूमीत या प्रश्नाची उलटी बाजू पाहिलेली माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला वारली मुलांसाठी काम केलं, तेव्हा मुलं शाळेत येतच नव्हती. मग शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरं चारणाऱ्या मुलांमागे कुरणात गेली. तिथे दार नव्हतं, हजेरीचा धाक नव्हता. कंटाळा आला की मूल उठून जाऊ शकत होतं. अशा मुलांना धरून ठेवायला गाणं, गोष्ट, पानं, दगड, शिंपले यांखेरीज काही उपलब्ध नव्हतं, आणि शिकवणं त्यांना तिथपर्यंत न्यावंच लागलं. बंद दाराच्या वर्गात आपल्याला ही कसोटी कधी द्यावी लागत नाही. मुलं उठून जाऊ शकत नाहीत म्हणून आपण समजतो की ती शिकतायत. अलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांनी मुलांना गटात, जमिनीवर, हाताळायच्या साहित्याभोवती बसवलं आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. तिथे मुलं सारखी बोलत होती. कुमठ्याला भेट देऊन आलेल्या कित्येकांनी परतल्यावर फरशीवर आकडे रंगवले, पण मुलांच्या बोलण्याला काही त्यांचा धीर झाला नाही.

अर्थात कोसबाडचं अंगण नववी 'क'च्या तिसऱ्या मजल्यावर तसंच्या तसं नेता येत नाही, आणि तसं सुचवणाऱ्या तज्ज्ञांचा मला राग येतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या घरात दारू असेल, मोबाइलवर रात्रभर काही चालू असेल, कुणी त्याला छळत असेल, तर गाणं-गोष्ट पुरणार नाही. तिथे प्रशिक्षित माणूस हवा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक समुपदेशक नेमावा असं सांगितलं आहे. आपल्या बहुतेक शाळांमध्ये हे काम सध्या ज्या बाई बऱ्या बोलतात त्यांच्याकडे, गणिताच्या तासांव्यतिरिक्त आणि मानधनाशिवाय आहे.

हे बदलायचं असेल तर पालकांनीही विचारायचे प्रश्न बदलले पाहिजेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीचे पाऊण सदस्य पालक असावेत असं कायदा म्हणतो. त्या बैठकीत बहुधा पोषण आहार, गणवेश आणि छत गळतीवर बोलणं होतं आणि सह्या होतात. शिस्तीवर बोलणं झालंच तर "हल्लीची मुलं ऐकत नाहीत" इथे थांबतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारता येतील. शिक्षक रजेवर किंवा बैठकीला असले की वर्गावर कोण असतं? उशिरा येणाऱ्या मुलांची कारणं कोणी लिहून ठेवतं का? सातवी-आठवीत ज्यांना वाचता येत नाही ती मुलं किती आहेत आणि त्यांच्यासाठी आठवड्यातले कोणते तास राखून ठेवलेत? मुख्याध्यापकांकडे उत्तर नसेल, तर प्रश्न तसाच इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि पुढच्या महिन्याच्या विषयपत्रिकेवर पहिला ठेवावा.